युवा धोरणाचा ताळा



राष्ट्रीय युवा धोरणाच्या अंमलबजावणीचे प्रगतिमापन, हा आजचा विषय. पत्रिकेवर तो वाचूनही आपण एवढ्या संख्येने, एवढ्या उकाड्यात आलात, याबद्दल प्रथम आपले आभार मानतो. वसंतात आंब्यावर किंवा गाण्यावर बोलणाऱ्या वक्त्याचे काम सोपे असते. माझ्या विषयाचे नाव ऐकले की लाल फितीत बांधलेल्या फायलीच डोळ्यांपुढे येतात. म्हणून आरंभीच त्या लांबलचक नावाला रजा देऊन मी एक घरचा शब्द घेतो. शाळेत आपण गणित सोडवीत होतो तेव्हा गुरुजी विचारीत, 'ताळा करून पाहिलास का?' उत्तर आले एवढ्याने गणित सुटत नसे. ताळा जमला म्हणजे सुटे. युवा धोरण हे असेच एक मोठे गणित आहे. त्याची उत्तरे दरसाल जाहीर होतात. त्यांचा ताळा कोणी पाहतो काय, आणि पाहायचा तर कोणाच्या वहीतून पाहायचा, एवढाच माझा आजचा प्रश्न आहे.

माझे उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत ताटकळत बसावे लागणार नाही. धोरण राबवणाऱ्याच्या वहीतून त्याचा ताळा कधीच होत नाही. तो करायचा तर ज्याच्यासाठी ते धोरण लिहिले त्या मुलामुलींच्या आयुष्यातून, आणि तेही वर्षानुवर्षे त्याच मुलामुलींच्या मागे राहून करावा लागतो. आपल्याकडे हे जवळजवळ होत नाही.

प्रथम थोडा इतिहास. संयुक्त राष्ट्रांनी 1985 हे आंतरराष्ट्रीय युवा वर्ष म्हणून पाळले. त्याच वर्षापासून आपण 12 जानेवारी, म्हणजे स्वामी विवेकानंदांचा जन्मदिवस, राष्ट्रीय युवा दिन म्हणून पाळू लागलो. पुढे 1988 साली पहिले राष्ट्रीय युवा धोरण आले, 2003 साली दुसरे, 2014 साली तिसरे. त्यानंतरचा मसुदा 2022 साली लोकांच्या सूचनांसाठी मांडण्यात आला. धोरण नाही अशी तक्रार आपल्याला करता येणार नाही.

पण युवा म्हणजे कोण? 1988 च्या धोरणाने सांगितले, 15 ते 35 वर्षांचा. 2003 च्या धोरणाने सांगितले, 13 ते 35 वर्षांचा. 2014 च्या धोरणाने सांगितले, 15 ते 29 वर्षांचा. संयुक्त राष्ट्रांच्या आकडेवारीत तो 15 ते 24 वर्षांचा असतो. आता धान्य मोजताना पहिली रास पायलीने मोजली, दुसरी शेराने आणि तिसरी अधोलीने, तर कोणत्या शेतात पीक वाढले हे कसे सांगायचे? 15 ते 29 हा वयोगट चुकीचा आहे असे मी म्हणत नाही. पस्तिशीच्या गृहस्थाला युवक म्हणण्यात थोडी अतिशयोक्तीच होती. पण माप बदलायचे तर मागच्या राशी नव्या मापाने पुन्हा मोजून ठेवायच्या असतात, हे कोणताही आडत्या सांगेल.

शिवाय ज्या मूळ राशीवरून हे सगळे मोजायचे, ती 2011 सालची आहे. 2021 ची जनगणना झाली नाही. पुढच्या जनगणनेसाठी 1 मार्च 2027 हा संदर्भदिन ठरला. दरम्यान आपण तरुणांची जी संख्या बोलतो ती अंदाजाची आहे. केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयाच्या 2022 च्या अहवालाप्रमाणे 2021 साली 15 ते 29 वयाचे लोक सुमारे 37 कोटी 14 लाख, म्हणजे लोकसंख्येच्या 27.2 टक्के होते. 2036 साली ते 34 कोटी 55 लाख, म्हणजे 22.7 टक्के होतील. 'भारत हा तरुणांचा देश' हे वाक्य सभांतून मोठ्या उत्साहाने म्हटले जाते. ते वाक्य कायमच्या मालकीचे नाही, ठरावीक मुदतीच्या भाडेपट्ट्याचे आहे, आणि पट्ट्याची मुदत चालू आहे.

हीच गोष्ट एका व्यक्तीपुरती पाहा. 2014 साली धोरण निघाले त्या वर्षी जी मुलगी 15 वर्षांची झाली, ती 2029 साली तिशीत जाते आणि त्या दिवशी धोरणाच्या हिशेबी ती युवती राहत नाही. संपूर्ण धोरण तिच्यावरून एकदाच जाणार. धरणाला उशीर झाला तर पाणी पुढच्या वर्षी अडवता येते. या मुलीचे पंधरावे वर्ष पुढच्या वर्षी येत नाही. ताळा उशिरा करून चालत नाही तो यासाठी. वरातीमागून घोडे आणावे तसे चुकीचे निदान पंधरा वर्षांनी करून तिला त्याचा काय उपयोग?

2014 च्या धोरणात पाच उद्दिष्टे आणि अकरा प्राधान्यक्षेत्रे आहेत. शिक्षण आहे, रोजगार व कौशल्य आहे, आरोग्य आहे, क्रीडा आहे, राजकारणातील सहभाग आहे. सामाजिक मूल्यांचे संवर्धनही आहे. शेवटचे कोणत्या फूटपट्टीने मोजायचे ते मला उमगलेले नाही, म्हणून त्याला नमस्कार करून मी पुढे जातो. पैशाबद्दल मात्र एक शब्द. केंद्र सरकार तरुणांच्या विकासावर वर्षाला 90,000 कोटी रुपयांहून अधिक, म्हणजे दर तरुणामागे सुमारे 2,710 रुपये खर्च करते, असे या धोरणात म्हटले होते. आकडा चांगला आहे. पण त्यात उच्च शिक्षणाबरोबर अन्नधान्यावरील अनुदानाचाही वाटा धरलेला होता. तरुणाने रेशनचे गहू खाल्ले तर तो खर्च त्याच्या विकासाचा मानावा की त्याच्या जेवणाचा, हा प्रश्न मी अर्थशास्त्रज्ञांवर सोपवतो. शिवाय या अकरा क्षेत्रांपैकी बहुतेकांची तिजोरी युवक मंत्रालयाच्या हाती नाहीच. शिक्षण एका मंत्रालयाकडे, कौशल्य दुसऱ्याकडे, कामगार तिसऱ्याकडे, आरोग्य चौथ्याकडे. बारा भाऊ आणि एक विहीर, अशा घरात विहिरीतला गाळ काढण्याचे काम कोणाचे असते ते आपण जाणताच.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. दोन योजना घेऊ.

2024 साली केंद्राने मोठ्या कंपन्यांत तरुणांना वर्षभर उमेदवारी देण्याची योजना सुरू केली. पहिल्या फेरीचे जे आकडे सरकारने संसदेपुढे ठेवले ते असे: जागा सुमारे 1 लाख 27 हजार, उमेदवारांना देऊ केलेल्या जागा 82 हजारांवर, त्या स्वीकारणारे 28 हजारांच्या आसपास, आणि प्रत्यक्ष कामावर रुजू झालेले 9 हजारांहूनही कमी. हे आकडे वर्तमानपत्रांत आले तेव्हा योजनेची टिंगल झाली. माझ्या मते टिंगल करणारांनी घाई केली. प्रत्येक पायरीवर किती माणसे उरली हे ज्या योजनेत दिसते ती योजना दुरुस्त करता येते. मुलाने जागा का नाकारली, घरापासून लांब होती म्हणून की महिन्याच्या 5,000 रुपयांत परगावी भागत नाही म्हणून, हे पुढच्या फेरीपूर्वी विचारता येते. गळक्या हंड्याचे भोक कोठे आहे ते कळले, तर हंडा कल्हईवाल्याकडे नेता येतो.

दुसरी योजना याहून पुष्कळ मोठी. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना 2015 साली सुरू झाली. तिच्या पहिल्या तीन आवृत्त्यांत, म्हणजे 2015-16 पासून 2021-22 पर्यंत, अल्पमुदतीचे शिक्षण घेतलेल्या उमेदवाराला पुढे काम लागले की नाही याची नोंद ठेवीत असत. त्या नोंदी फारशा सुखावह नव्हत्या. चौथी आवृत्ती आली आणि ही नोंद योजनेचा भाग राहिली नाही. आता उमेदवाराने आपला मार्ग आपण निवडावा यासाठी त्याला समर्थ करण्यावर भर आहे, असे स्पष्टीकरण संसदेत देण्यात आले. स्पष्टीकरण सुसंस्कृत आहे. पण ताप उतरत नाही म्हणून घरातली तापमापी कपाटात ठेवून द्यावी, यापेक्षा ते फारसे निराळे नाही. पुढे 2025 साली महालेखापरीक्षकांचा याच योजनेवरचा अहवाल संसदेपुढे आला, तेव्हा लक्षावधी उमेदवारांच्या नोंदीत बँक खात्याचा रकाना रिकामा किंवा शून्यांनी भरलेला आढळला. प्रशिक्षितांची संख्या मात्र कोटीच्या वर गेलेली होती. वही भरली होती. वहीतला माणूस कोठे आहे, हे वहीला ठाऊक नव्हते.

येथे कोणी म्हणेल, योजनांच्या वह्या सोडा, देशाच्या स्वतंत्र पाहण्या आहेत ना? आहेत, आणि त्यांचे महत्त्व मी कमी लेखत नाही. श्रमशक्तीची नियतकालिक पाहणी 2017 पासून चालू आहे. तिच्याप्रमाणे 15 ते 29 वयोगटातील बेकारीचे प्रमाण 2017-18 साली 17.8 टक्के होते, ते 2023-24 साली 10.2 टक्क्यांवर आले. आनंद वाटावा असाच हा आकडा आहे. पण या मोजणीत वर्षातून तीस दिवस दुय्यम म्हणून काही काम केलेला मनुष्यही कामावर धरला जातो, आणि घरच्या शेतात किंवा दुकानात विनामोबदला हात लावणाराही. ही व्याख्या लबाडीची नाही. जगात अशाच व्याख्या आहेत. तिचा अर्थ मात्र समजून घेतला पाहिजे. या पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांतून राज्यसेवेच्या परीक्षेसाठी चार-चार, पाच-पाच वर्षे बसलेले पंचविशीचे तरुण आहेत. तो विद्यार्थी की बेकार? पाहणी करणाराने दार ठोठावले त्या दिवशी तो काय उत्तर देतो यावर ते ठरते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या सहकार्याने 2024 साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात असे दिसते की, 2022 साली लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत बेकारी 3.4 टक्के होती आणि पदवीधर तरुणांत 29.1 टक्के. निरक्षराची स्थिती पदवीधराहून आठपटीने चांगली, असा याचा अर्थ कोणी घेईल काय? निरक्षराला बेकार राहणे परवडत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

हे अधिक स्पष्ट व्हावे म्हणून मी आपल्याला आपल्याच राज्यातल्या उसाच्या फडावर नेतो. बीड आणि त्याच्या आसपासच्या जिल्ह्यांतून लाखो माणसे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. त्यांच्या व्यवहाराची भाषा आपल्या विषयाच्या दृष्टीने फार बोलकी आहे. मुकादम उचल देतो ती माणसाला नव्हे, 'कोयत्या'ला देतो. आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा मुलगा हा अर्धा कोयता. म्हणजे त्या हिशेबात दोन माणसे मिळून एक आकडा होतो, आणि ज्याला पुरी उचल हवी त्याला लग्न करणे भाग पडते. लग्न झाले की मुलगी कोयत्याच्या अर्ध्या भागात जमा होते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, 20 ते 24 वर्षांच्या स्त्रियांपैकी अठरा वर्षांच्या आत लग्न झालेल्या स्त्रिया महाराष्ट्रात 21.9 टक्के निघाल्या. बीड जिल्ह्यात हे प्रमाण त्याच्या जवळजवळ दुप्पट आहे. याला कारण केवळ ऊसतोड नाही; गरिबी आहे, मुलीला मागे एकटी ठेवण्याची भीती आहे, गावात पुढची शाळा नसणे आहे. पण उचलीचा हिशेब या सगळ्यांना एका दिशेने ढकलतो.

आता अशी एक मुलगी डोळ्यांपुढे आणा. सोळा वर्षांची, दहावीतून उठलेली, लग्न होऊन फडावर आलेली. पहाटे काळोखात उठून मोळ्या बांधते आणि डोक्यावरून वाहून गाडीत भरते. आपल्या धोरणाच्या वहीत ती कोठे सापडते? कौशल्य केंद्राच्या यादीत ती नाही. 31 ऑक्टोबर 2023 रोजी सुरू झालेल्या 'मेरा युवा भारत' या व्यवस्थेत कोटीहून अधिक तरुणांनी नावे नोंदवली आहेत, पण ती नोंद स्वतः जाऊन करायची असते. तिच्या हाती बहुधा फोनही नाही. शाळेच्या पटावरून तिचे नाव उतरले. पाहणी करणारा हंगामात गावी गेला तर तिच्या दाराला कुलूप. आणि तो तिला कोठे गाठलाच, तर त्याच्या तक्त्यात ती कोणत्या रकान्यात पडते? कामावर असलेल्यांच्या! तिच्यामुळे युवकांच्या बेकारीचे प्रमाण कणभर कमी होते आणि श्रमशक्तीतील स्त्रियांचा सहभाग कणभर वाढतो. तिचे जे नुकसान झाले ते आपल्या तक्त्यात प्रगती म्हणून उतरले. कोणी खोटे लिहिले नाही. प्रत्येक कारकुनाने आपला रकाना प्रामाणिकपणे भरला, आणि गणित तरीही चुकले.

मोजल्याने काय होते, असे विचारणारांसाठी एक उदाहरण. 15 ते 19 वर्षांच्या मुलींतील रक्तक्षय 2015-16 च्या कुटुंब आरोग्य पाहणीत 54.1 टक्के होता. 2019-21 मध्ये तो 59.1 टक्के निघाला. इतक्या योजना चालू असताना स्थिती बिघडली, हे केवळ मोजले म्हणून कळले. पुढच्या फेरीतून ही तपासणी काढून आहारविषयक एका वेगळ्या पाहणीकडे सोपवण्यात आली. बोटाच्या टोकाचे रक्त घेऊन केलेली मोजणी कच्ची असते, हा तज्ज्ञांचा आक्षेप त्यामागे होता, आणि आक्षेपात तथ्य आहे. पण रीत बदलली की मागची रांग तुटते. जुनी रीत आणि नवी रीत एकदा तरी जोडीने वापरून दोहोंतला फरक लिहून ठेवला पाहिजे, म्हणजे पुढच्यांना दोन्ही टोके बांधता येतील.

ही दृष्टी आपल्याला परकी नाही. दादाभाई नवरोजींनी गेल्या शतकाआधीच्या शतकात हिंदी माणसाचे दरडोई वार्षिक उत्पन्न सुमारे 20 रुपये काढले आणि त्याच्या शेजारी तुरुंगातल्या कैद्याच्या अन्नवस्त्राचा सरकारी खर्च मांडला. कैद्याचा खर्च अधिक निघाला. त्यांनी सरकारच्याच आकड्यांनी सरकारचा ताळा केला, आणि तो सरकारला विचारून केला नाही. आमच्या काळात 2005 पासून 'असर' या पाहणीने तेच शाळांच्या बाबतीत केले. पटावर नाव आहे काय हे शाळेला न विचारता, घरी जाऊन मुलाच्या हाती पुस्तक दिले आणि 'वाच' म्हटले. 2023 साली त्यांनी 28 ग्रामीण जिल्ह्यांतील 14 ते 18 वर्षांची मुले घेतली. 86.8 टक्के मुलांची नावे कोठल्या ना कोठल्या शिक्षणसंस्थेत होती. त्याच मुलांपैकी सुमारे चतुर्थांशांना आपल्या भाषेतला दुसरीचा धडा सलग वाचता येत नव्हता. पहिला आकडा वहीचा, दुसरा मुलाचा.

नोंद खरी केव्हा राहते याचाही धडा महाराष्ट्रानेच दिला आहे. 1972 च्या दुष्काळातून येथे रोजगार हमी आली. 1977 साली तिचा कायदा झाला. त्या कायद्याने मजुराला काम मागण्याचा हक्क दिला आणि पंधरा दिवसांत काम न दिल्यास बेकारभत्त्याची तरतूद केली. हजेरीपटात लबाड्या झाल्या, खोट्या नावांवर पैसे उचलले गेले, हे सर्व खरे. पण त्या लबाड्या उघडकीला आल्या त्यासुद्धा बांधावरच्या मजुरांनी 'आमची हजेरी दाखवा' म्हणून मोर्चे काढले म्हणून. पटातल्या नावाला त्या पटात स्वारस्य होते. युवा धोरण हे धोरण आहे, कायदा नाही. त्यातून कोणाही तरुणाला काही मागता येत नाही. त्यामुळे त्याच्या प्रगतीचा अहवाल चुकीचा निघाला तरी 'हे खोटे आहे' असे म्हणायला कोणी पुढे येत नाही. अहवाल लिहिणारा आणि अहवाल वाचणारा बहुधा एकाच इमारतीत बसतात.

मग करावे काय? एकाच मुलांच्या मागे वर्षानुवर्षे राहणे अशक्य आहे, असे म्हणू नका. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये 1946 च्या मार्च महिन्यातील एका आठवड्यात जन्मलेल्या 5,362 मुलांची पाहणी सुरू झाली ती त्यांच्या म्हातारपणापर्यंत चालली. इतक्या लांब जायला नको. आपल्या शेजारच्या आंध्र आणि तेलंगणात 'यंग लाइव्हज' या अभ्यासाने 2002 पासून सुमारे 3,000 मुलांचा माग ठेवला आहे. ती मुले गाव सोडून गेली, त्यांची लग्ने झाली, तरी बहुतेकांना पुन्हा पुन्हा शोधून काढले. तेव्हा प्रत्येक जिल्ह्यात पंधरा वर्षांची काही शे मुले निवडावी, फडावरची धरून. दरसाल त्यांना तेच चार प्रश्न विचारावे, काय शिकतोस, काय काम करतोस, हाती किती पडतात, प्रकृती कशी आहे. विचारणारा मनुष्य योजना राबवणाऱ्या खात्याचा नसावा. आणि निष्कर्ष जिल्हा परिषदेपुढे मराठीत वाचला जावा. नावे गुप्त राखावी. 2023 च्या वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या कायद्यानेही ती जबाबदारी आली आहेच. खर्चाची सबब मला पटत नाही. युवा महोत्सवांच्या मांडवांवर जे उडते त्याच्या हिश्शात हे बसेल.

आणि सरकार हे करीपर्यंत थांबण्याचेही कारण नाही. येथे महाविद्यालयांचे प्राध्यापक बसलेले दिसतात, समाजशास्त्राचे विद्यार्थी दिसतात. त्यांना एक काम सुचवतो. महाराष्ट्रातल्या प्रत्येक शाळेत जनरल रजिस्टर असते. एका तालुक्यातल्या दहा शाळा घ्या आणि 2014 साली नववी-दहावीच्या पटावर असलेल्या मुलामुलींची नावे मुख्याध्यापकांच्या परवानगीने उतरवून घ्या. धोरणाने ज्यांना युवक म्हटले ती पहिली तुकडी हीच. मग एका उन्हाळ्याच्या सुटीत एकेकाला गाठा. त्या रजिस्टरात 'शाळा सोडल्याचे कारण' असा एक रकाना असतो. त्यात पुष्कळ ठिकाणी 'पालकांच्या विनंतीवरून' एवढेच लिहिलेले सापडेल. तेथून सुरुवात करा. त्या पालकांनी विनंती का केली, हे त्यांच्या घरी जाऊन विचारा.